फरहबागेचा कारभारी

केज तालुक्यातल्या आमच्या युसूफ वडगावात मी लहान असताना बाग हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात भेटायचा. गावात घरामागे परस असायचा. न्हाणीचे पाणी जिथून वाहत जाई तिथे अळू आणि दोन-तीन केळी, आडाच्या कडेला शेवगा, दारात तुळस आणि घरच्या बाईला हौस असलीच तर मोगऱ्याचे एखादे आळे. त्या परसाची आखणी कोणी केलेली नसे. पाणी जिकडे जाई तिकडे झाड लागे, एवढाच काय तो नियम.

म्हणून शाळेच्या सहलीत पहिल्यांदा बीबी का मकबरा पाहिला तेव्हा माझी नजर घुमटाकडे गेलीच नाही. सरळ रेषेत आखलेले पाण्याचे पाट, त्यांच्या मधोमध कारंज्यांची रांग, दोन्ही बाजूंना एकसारखे चौकोन. मनात एकच प्रश्न आला, की एवढे पाणी यांनी आणले कोठून? बीडच्या माणसाला ताजमहालापुढे उभे केले तरी तो आधी हेच विचारील. या प्रश्नाचा माग काढत पुढे कित्येक वर्षे मी जुन्या बागा पाहत आणि त्यांच्याविषयी वाचत राहिलो. त्या वाटेवर मला जो माणूस भेटला तो आमच्या जिल्ह्याला अगदीच परका नव्हता. त्याचे नाव सलाबतखान. अहमदनगरच्या निजामशाहीचा तो कारभारी. नगरकर त्याला थडग्यामुळे ओळखतात, बीडकर विहिरीमुळे. मला तो एका बागेमुळे आणि त्या बागेच्या मालकामुळे जवळचा वाटतो.

बागेचा मालक म्हणजे मुर्तजा निजामशहा. १५६५ साली तो गादीवर बसला. त्याच वर्षी तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरचा पाडाव केला होता आणि रामरायाच्या जवाहिरखान्यातला मोठा वाटा नगरच्या तिजोरीत येऊन पडला होता. मुर्तजाचे सुरुवातीचे दिवस पराक्रमाचे होते. आमच्या शेजारच्या धारूरचा किल्ला विजापूरच्या किश्वरखानाने १५६७ मध्ये बांधला. मुर्तजाने चालून येऊन तो घेतला, किश्वरखान मारला गेला आणि धारूरला फत्तेहाबाद हे नाव मिळाले. १५७४ मध्ये वऱ्हाडही निजामशाहीत आले. या यशामागे चंगीझखान नावाचा कर्तबगार कारभारी होता. पुढे प्रसिद्धीस आलेला मलिक अंबर तरुणपणी याच चंगीझखानाच्या पदरी गुलाम होता. परंतु दरबारातल्या चुगलखोरांनी राजाचे कान भरले आणि राजाने आपल्या या सेवकाला विष देवविले. तो निर्दोष असल्याचे उमगले तेव्हा वेळ निघून गेली होती. मुर्तजाने लोकांत येणे टाकले आणि स्वतःला कोंडून घेतले. पुढची बारा-तेरा वर्षे तो क्वचितच कोणाला दिसला.

राजा असा दाराआड गेल्यावर राज्य कोणीतरी चालवायचे होते. आरंभी असदखानाबरोबर आणि पुढे एकट्याने हा भार सलाबतखानाने उचलला. इतिहासकार फिरिश्ता त्या वर्षांत तरुण शिपाई म्हणून नगरलाच होता आणि पुढच्या घालमेलीतून तो थोडक्यात बचावला. त्याने सलाबतखानाच्या कारभाराची मनापासून तारीफ केली आहे. बहमनींच्या चांगल्या दिवसांनंतर मराठी मुलखाला असा कारभारी मिळाला नव्हता, असे त्याचे मत. वाटा निर्धोक झाल्या, चोरांना जरब बसली. १५८४ मध्ये वऱ्हाडचा सुभेदार सय्यद मुर्तजा फौज घेऊन थेट नगरवर चालून आला, तेव्हा सलाबतखानाने त्याचा पराभव केला आणि तो उत्तरेकडे अकबराच्या आश्रयाला पळाला. न दिसणाऱ्या राजाच्या नावाने एक माणूस सगळा मुलूख सांभाळत होता.

या माणसाला पाण्याचे वेड होते. नगरच्या आग्नेयेला तीनेक किलोमीटरवर फरहबाग आहे. फरह म्हणजे आनंद. या बागेचे काम सलाबतखानाच्या आधीच्या सरदारांनी सुरू केले होते, पण जे उभे राहिले ते राजाच्या मनास येईना. ते पाडून नव्याने बांधायचे काम अखेर सलाबतखानाकडे आले आणि १५८३ मध्ये त्याने ते पुरे केले. मोठा चौकोनी तलाव, त्याच्या ऐन मध्यावर दुमजली महाल, आत उंच घुमटाचा दिवाणखाना, आणि महालात जायला पाण्यातून एक वाट. चारी दिशांना कमानी उघड्या. उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा वारा महालात शिरे आणि घुमटाखाली गारवा धरून राही.

बागांच्या घराण्यात हिची जागा कोठे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. इराणात बाग म्हणजे भिंतीआडची जमीन. बाहेर वाळवंट, आत पाणी. एकमेकांना छेदणारे दोन पाट काढले की जमिनीचे चार भाग होतात, म्हणून ती चारबाग. स्वर्गासाठी फारसीतला फिरदौस आणि इंग्रजीतला पॅराडाइज हे दोन्ही शब्द कुंपण घातलेल्या बागेच्या जुन्या इराणी शब्दातूनच आले आहेत. बाबर काबूलहून हिंदुस्थानात आला तेव्हा इथली धूळ आणि उकाडा त्याला सोसवेना. त्याने आग्र्याला यमुनेच्या काठी रहाटाने पाणी उचलून चारबाग लावली. तीच परंपरा पुढे ताजमहालापर्यंत आणि आमच्या मकबऱ्यापर्यंत आली. दख्खनचे सुलतान याच फारसी वळणात वाढलेले होते, पण त्यांनी आपली वेगळी तऱ्हा काढली. पाट बारीक करून पाणी वाहते ठेवण्याऐवजी त्यांनी पाणी साठवले आणि महालच पाण्यात नेऊन ठेवला. नगरच्या उत्तरेला असलेली हश्त बेहश्त बाग, म्हणजे आठ स्वर्गांची बाग, फरहबागेची थोरली बहीण. तिथेही तलाव आणि तलावात अष्टकोनी महाल. पाऊस चार महिने आणि ऊन आठ महिने अशा या पठारावर साठवलेले पाणी डोळ्यांना दिसत राहणे हीच खरी श्रीमंती होती.

गंमत म्हणजे याच सुमारास जगात इतरत्रही राजेरजवाडे आणि धर्मगुरू पाण्याच्या मागे लागले होते. इटलीत तिवोलीच्या टेकडीवर एका कार्डिनलने नदीचे पाणी वळवून शेकडो कारंजी उडवली, आणि तीही केवळ उताराच्या जोरावर. इराणात काशानजवळची फिन बाग सोळाव्या शतकाच्या अखेरीस झऱ्याच्या पाण्यावर आजच्या रूपाला आली. पुढच्या शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायला याहून मोठा घाट घातला. सीन नदीचे पाणी चढावर चढवायला अजस्र चक्रे बसवली, तरीही सगळी कारंजी एका वेळी चालतील एवढे पाणी मिळेना. मग राजा ज्या बाजूला फिरायला निघे तिकडची कारंजी सुरू करायची आणि तो पुढे गेला की बंद करायची, अशी युक्ती माळ्यांना करावी लागली. क्योटोच्या र्योआनजी मठात जपानी भिक्षूंनी हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. पांढरी खडी अंथरली, तीत पंधरा दगड मांडले, दाताळ्याने लाटा ओढल्या आणि पाण्याचा थेंबही न वापरता बाग केली. प्रत्येक मुलखाने आपल्याजवळ जे नाही त्याचे स्वप्न बागेत पाहिले, असे मला या सगळ्या वाचनातून वाटू लागले.

सलाबतखानाचे मोठेपण हे, की राजाचे स्वप्न पुरे करताना त्याने रयतेची तहान विसरली नाही. बीडची जहागीर त्याच्याकडे होती. बीडच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, खजाना विहीर आहे. तिचे साल १५८२ सांगतात. म्हणजे फरहबागेचे काम चालू असतानाच हे कामही चालू होते. बांधणाऱ्या कारागिराचे नाव परंपरेने राजा भास्कर असे सांगितले जाते. सरकारी खजिन्यातला पैसा तिच्यात ओतला म्हणून नाव खजाना. या विहिरीला जमिनीखालून बोगदे आहेत. जमिनीच्या पोटातले पाझर गोळा करून काही बोगदे पाणी विहिरीत आणतात आणि एक बोगदा ते खालच्या अंगाच्या शेतांकडे नेतो. बोगद्यावर अंतराअंतराने तोंडे ठेवली आहेत, हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून. मोट नाही, रहाट नाही. जमिनीचा उतार अचूक हेरला की पाणी आपले आपण चालते. इराणातल्या माणसांनी वाळवंटात हजारो वर्षे जे केले तेच शहाणपण इथे आमच्या मुरमाड रानात उतरले. या पाण्यावर बलगुजार भागातली शेकडो एकर जमीन भिजत आली आहे. दुष्काळातही न आटणारी विहीर अशी तिची ख्याती आहे. आमच्या जिल्ह्यात एखाद्या विहिरीविषयी याहून मोठा शब्द बोलता येत नाही.

नगरजवळचा भातोडीचा तलावही सलाबतखानाचाच. त्याची गोष्ट पुढे येईल.

आता बागेकडे परत जाऊ. मुर्तजाच्या एकांतवासात काही थोडी माणसे शिल्लक होती. त्यांत फत्तेशहा नावाची दिल्लीची एक गाणारी होती. फरहबागेत तो तिच्याशी बुद्धिबळ खेळत बसे, असे नगरकडे सांगतात. तिच्यावर राजाने दागिन्यांचा वर्षाव केला. एके दिवशी तिने विजयनगरच्या लुटीतल्या माणिकमोत्यांच्या दोन माळा मागितल्या. राजाने लगेच हुकूम दिला. सलाबतखानाला हे पटले नाही. राज्याची अशी ठेव एका लहरीपायी जाऊ द्यायची नाही म्हणून त्याने तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या माळा पाठवल्या. लबाडी उघडकीस आली. राजाने सगळे जवाहीर आपल्यासमोर मांडायला लावले. सलाबतखानाने त्यातले उत्तम ते आधीच बाजूला काढले होते. हे लक्षात येताच राजाने उरलेल्या ढिगालाच आग लावली आणि तो निघून गेला. नोकरांनी धावत येऊन आग विझवली, रत्ने बहुतेक वाचली, मोती मात्र जळाले. लोक मुर्तजाला दिवाणा म्हणू लागले. हे नाव आजही त्याच्या नावाला चिकटलेले आहे. पुढे आपल्याच मुलाविषयी त्याच्या मनात संशय शिरला आणि मुलाच्या बिछान्याला आग लावण्यापर्यंत त्याची मजल गेली. तो मुलगा, मिरान हुसेन, कसाबसा वाचला.

आणि मग सलाबतखानाची पाळी आली. विजापूरची फौज सरहद्दीवर होती, दरबारात कुजबूज चालली होती, आणि राजाला आता कारभाऱ्याचाच संशय येऊ लागला. सलाबतखानाने राजाला एवढेच विचारले, की कोणत्या किल्ल्यात कैद होऊन जाऊ? राजाने कोकण किनाऱ्यावरच्या दंडाराजपुरीचे नाव घेतले. सलाबतखान घरी आला. त्याने स्वतःच्या पायांत बेड्या घालून घेतल्या, पालखीत बसला आणि निघण्याची आज्ञा केली. त्याच्या माणसांनी त्याला परोपरीने विनवले. राजा वेडा आहे, फौज तुमची आहे, लोक तुमचे आहेत, जाऊ नका, असे सांगितले. तो थांबला नाही. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा हुकूम मोडायचा नाही, तो शहाणा असो की वेडा, ही त्याची धारणा होती.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळे भरून आले. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा राग आला, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी, म्हणजे १५८८ मध्ये, मिरान हुसेनाने बापाला हमामखान्यात कोंडून मारले. वर्ष उलटायच्या आत मिरान हुसेनही मारला गेला. दख्खनी आणि परदेशी सरदारांत कत्तली झाल्या. पुढच्या बारा वर्षांत नगरच्या गादीवर सहा जण येऊन गेले आणि १६०० साली, चांदबिबीच्या मृत्यूनंतर, अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. सलाबतखान पालखीत बसला नसता तर हे सगळे टळले असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण घर सावरू शकणारा एकच माणूस होता आणि तो आपल्या पायांनी घराबाहेर चालता झाला, एवढे मात्र खरे.

कैदेतून तो सुटला तो गोंधळाच्या दिवसांत. वऱ्हाडकडच्या सरदारांनी त्याला पुढे करून फौज उभी केली, पण आता नगर जमालखानाच्या मुठीत होते. पैठणजवळ सलाबतखान हरला आणि बुऱ्हाणपुराकडे निघून गेला. थकलेल्या, म्हाताऱ्या माणसाने शेवटचे दिवस आपल्या मुलखात काढण्याची परवानगी मागितली आणि जमालखानाने ती दिली. १५८९ च्या सुमारास तो वारला. नगरच्या पूर्वेला शाह डोंगरावर त्याने हयातीतच स्वतःची कबर बांधून ठेवली होती. अष्टकोनी, तीन मजली, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबीचा तिच्याशी काही संबंध नाही. आत निजला आहे तो हा कारभारी. वरच्या मजल्यावर उभे राहिले की चोहोकडचा मुलूख उघडा दिसतो आणि वारा क्षणभर थांबत नाही. दौलताबाद दिसावे एवढी उंच इमारत त्याला करायची होती, अशी दंतकथा आहे. इंग्रजांच्या काळात आजारी सोल्जर हवापालटासाठी इथे आणून ठेवत.

भातोडीची गोष्ट राहिली. सलाबतखान जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूर यांच्या फौजा एकत्र येऊन निजामशाहीवर चालून आल्या. तेव्हा चंगीझखानाचा तो जुना गुलाम, मलिक अंबर, निजामशाहीचा आधार झाला होता. त्याने भातोडीच्या तलावाचे पाणी सोडले, शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि छापे घालून त्यांना जेरीस आणले. शहाजीराजे या लढाईत चमकले आणि त्यांचे बंधू शरीफजी इथेच धारातीर्थी पडले. बुडत्या राज्याला त्या दिवशी एका मेलेल्या कारभाऱ्याच्या पाण्याने तारले. अंबरनेही खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगरातले पाणी जमिनीखालून नळांनी आणले. लहानपणी मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर या माणसांपाशी होते. बागा बादशहांच्या नावावर चढल्या. पण उतार हेरून पाणी शहरात आणणारे हात अशा कारभाऱ्यांचे आणि गवंड्यांचे होते.

फरहबाग मी एका उन्हाळ्यात पाहिली. तलावात पाण्याऐवजी वाळलेले गवत होते. महालाचा सांगाडा उभा आहे, घुमटाखाली अजून गार वाटते, भिंतींच्या गिलाव्यावर पारवे बसलेले असतात. ज्याच्यासाठी ती बांधली त्याला तिथे आनंद लाभला असेल असे काही वाटत नाही. सुंदर जागी कोंडून घेतलेला माणूसही कोंडलेलाच असतो. तिथून परतताना मी बीडला उतरलो आणि खजाना विहिरीवर गेलो. खाली बोगद्याच्या तोंडाशी पाणी हलत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसले. हे पाणी कोणी आणले, असे मी त्याला मुद्दाम विचारले. त्याला नाव आठवले नाही. कोण्या नवाबाने, एवढेच तो म्हणाला आणि कामाला लागला.

मला वाटते, सलाबतखानाची सगळी हकीकत या दोन पाण्यांत आली. एकाच माणसाने, एकाच सुमाराला, एक पाणी राजाच्या डोळ्यांसाठी साठवले आणि दुसरे रयतेच्या शेताकडे वाहते केले. साठवलेले आटले, वाहते टिकले. निष्ठेचेही तसेच आहे. आयुष्यभराची निष्ठा त्याने शेवटी एका लहरी माणसाच्या चरणी साठवून ठेवली. ती रयतेकडे वळवली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या कबरीवरच्या वाऱ्यासारखा कायम घोंगावत राहतो. मी त्याला दोष देत नाही. मोठमोठ्या घरांत आणि कचेऱ्यांत, वरच्याचे चुकते आहे हे दिसत असताना, खाली मान घालून पालखीत बसणारी पुष्कळ भली माणसे आपण पाहतो. कधी कधी आपणही त्यांतलेच असतो.

युसूफ वडगावच्या परसात आज न्हाणीची जागा बदलली आहे. घरात नळ आले आहेत, पण सांडपाण्याची चारी आम्ही तशीच ठेवली आहे. तिच्या कडेला अळू आहे, केळ आहे. जगातल्या बागांच्या कोणत्याही पुस्तकात या परसाला जागा मिळणार नाही. पण वापरलेल्या पाण्याचा थेंब अन् थेंब झाडाच्या मुळाशी गेला पाहिजे, हे त्या आळ्याला कळते. सलाबतखान कधी आमच्या परसात आला असता, तर त्याने महालाचे वर्णन करण्याआधी वाकून चारीचा उतार पाहिला असता, अशी माझी खात्री आहे.